उर्दूत नापास झालेला उर्दूचा अफसानानिगार : सआदत हसन मंटो

१८ जानेवारी हा सआदत हसन मंटो यांच्या इंतकालाचा दिवस. १९५५ साली याच दिवशी लाहोरमध्ये त्यांनी अखेरचा श्वास घेतला. वय अवघं ४२ वर्षं. एवढ्या कमी आयुष्यात कथांचे वीसच्या वर संग्रह, शंभराहून जास्त रेडिओ नाटकं, एक कादंबरी, सिनेमाच्या कथा, लेख आणि ओळखीच्या माणसांची शब्दचित्रं, असा ढीग ते मागे ठेवून गेले. आणि हा माणूस मॅट्रिकच्या परीक्षेत उर्दू विषयातच नापास झाला होता.

मी शिक्षक आहे. निकालाच्या दिवसांत आमच्या धनजमध्ये कुणी ना कुणी वालिद मुलाची गुणपत्रिका हातात घेऊन रस्त्यात थांबवतात. भाषेत मार्क कमी पडले, आता याचं पुढे काय होणार, हा त्यांचा सवाल असतो. मुलगा शेजारी मान खाली घालून उभा असतो. अशा वेळी मला मंटो आठवतात. मार्कांना काही किंमत नसते असं मी म्हणणार नाही, माझी रोजीरोटीच त्यावर आहे. पण कागदावर लिहिण्याची सवय ही वेगळी चीज आहे आणि ती गुणपत्रिकेत दिसत नाही. ती सवय मंटोंना कशी लागली आणि त्यांनी ती कशी निभावली, हे आज सांगायचं आहे.

कडक वालिद, नाराज मुलगा

मंटोंचा जन्म ११ मे १९१२ रोजी पंजाबात लुधियाना जिल्ह्यातल्या समराळा इथे झाला. घराणं मूळचं काश्मिरी. वालिद गुलाम हसन मंटो न्यायखात्यात होते आणि स्वभावाने फार कडक. अम्मी सरदार बेगम ही त्यांची दुसरी बायको. सावत्र मोठे भाऊ परदेशात शिकून बॅरिस्टर झाले. घरात अशी हुशार मुलं आणि सआदतचं मात्र अभ्यासात लक्ष नाही. मॅट्रिक एका झटक्यात निघाली नाही. अखेर १९३१ मध्ये तिसऱ्या श्रेणीत पास झाले, तेही उर्दूत नापास होऊन.

वालिदांच्या नजरेत हा मुलगा वाया गेलेला. अमृतसरच्या गल्ल्यांत भटकायचं, सिनेमे बघायचे, काहीतरी अफवा उठवून लोकांची गंमत बघायची, हे उद्योग. पण नीट पाहिलं तर या अफवांमध्येच पुढचा कथाकार दडलेला दिसतो. खोटी गोष्ट खरी वाटेल अशा थाटात सांगायची आणि ऐकणाऱ्याचा चेहरा वाचायचा, हे कसब त्या वयातच हाताला लागत होतं.

एका उस्तादाची नजर

१९३३ च्या सुमारास अमृतसरमध्ये त्यांना अब्दुल बारी अलीग भेटले. हे पत्रकार आणि अभ्यासू माणूस. मंटो त्यांना आयुष्यभर बारी साहेब म्हणत आले. बारी साहेबांनी या भटक्या पोराला उपदेश केला नाही. त्यांनी त्याच्या हातात पुस्तकं दिली आणि काम दिलं. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो यांच्या फाशीच्या कैद्यावरच्या पुस्तकाचा उर्दू तर्जुमा कर, असं सुचवलं. मंटोंनी शब्दकोश समोर ठेवून तो पुरा केला. मग ऑस्कर वाइल्डचं एक नाटक आणि त्यानंतर रशियन कथांचे तर्जुमे.

इथे शिक्षक म्हणून मला थांबावंसं वाटतं. मंटोंची पहिली खरी शाळा म्हणजे हे तर्जुमे. दुसऱ्याची कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणताना प्रत्येक वाक्याजवळ थांबावं लागतं. लेखकाने हा शब्द इथेच का ठेवला, ही गोष्ट आधी का सांगितली आणि ती शेवटपर्यंत का लपवली, हे सगळं आपोआप कळत जातं. आपल्या घरातली मुलं उर्दू आणि मराठी दोन्ही बोलतात. ही शिकवणी त्यांच्यासाठी घरातच मोफत आहे, आपण फक्त तिचा वापर करत नाही.

त्यानंतर मंटोंची स्वतःची पहिली कथा आली, ‘तमाशा’. जालियनवाला बागेचं हत्याकांड झालं तेव्हा ते जवळपास सात वर्षांचे होते आणि अमृतसर हेच त्यांचं शहर. ही कथा त्यांनी एका लहान मुलाच्या नजरेतून सांगितली. बाहेर काय चाललंय ते त्या मुलाला पुरतं कळत नाही, म्हणून वाचणाऱ्याला ते जास्त बोचतं.

पुढे अलीगढ विद्यापीठात दाखला घेतला, पण क्षयाचा संशय आला आणि शिक्षण सुटलं. काही महिने काश्मीरच्या बटोत गावी हवापालटासाठी राहिले. डिग्री काही हाती आली नाही.

मुंबईची खोली

१९३६ मध्ये मंटो मुंबईत आले. ‘मुसव्विर’ नावाच्या उर्दू साप्ताहिकाचं संपादन हे काम. पगार महिना ४० रुपये. सुरुवातीला ऑफिसातच झोपायचे. मग नऊ-साडेनऊ रुपये भाड्याची एक खोली घेतली. चाळ, ढेकूण, सगळ्या मजल्यांना मिळून मोजके संडास. अम्मी मुलाला भेटायला आल्या आणि ती खोली बघून त्यांचे डोळे भरून आले.

पण याच मुंबईने मंटोंना त्यांची दुनिया दिली. नागपाडा, भायखळा, अरब गल्ली, इराण्याची हॉटेलं, टांगेवाले, दादा लोक, सिनेमातले एक्स्ट्रा आणि बाजारात बसवलेल्या बायका. पंजाबातून आलेल्या या माणसाने मुंबईची बोली कान देऊन ऐकली आणि आपल्या उर्दूत घेतली. खोली, दादा, सेठ हे शब्द त्यांच्या कथांत अगदी घरच्यासारखे वावरतात. ‘हतक’ या त्यांच्या गाजलेल्या कथेतला माधो तर आपल्या पुण्याचा हवालदार आहे. लखनौ-दिल्लीच्या जुन्या उर्दूला ही माणसं ठाऊक नव्हती. मंटोंनी त्यांना मुंबईच्या फुटपाथवरून उचलून अफसान्यात आणून बसवलं.

१९३९ मध्ये सफिया बेगम यांच्याशी निकाह झाला. त्याही काश्मिरी घराण्यातल्या. मुलीच्या नातलगांना मंटोंनी आपली कमाई किती आणि आपल्याला पिण्याची सवय आहे, हे आधीच खरं खरं सांगून टाकलं होतं. तरी रिश्ता झाला. सफिया आपांनी पुढे या माणसाबरोबर काय काय सोसलं, ते वाचताना अनेकदा वाटतं की एक किताब त्यांच्यावरही असायला हवी होती.

कथा लिहायला बसायचे कसे?

मंटो कथा कशी लिहायचे, हे त्यांनी स्वतःच एका लेखात सांगून ठेवलंय आणि ते वाचून हसू येतं. लेखक म्हटला की बंद खोली, शांतता, घरातल्यांनी आवाज करायचा नाही, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. मंटोंचं तसं काहीच नव्हतं.

सोफ्यावर किंवा खुर्चीवर पाय वर घेऊन, अगदी उकिडवे बसायचे. कागद आणि पेन घ्यायचं. कागदाच्या माथ्यावर आधी ७८६ लिहायचं, म्हणजे बिस्मिल्लाह. मग लिहायला सुरुवात. आजूबाजूला मुली गोंधळ घालतायत, त्यांच्याशी बोलणं चालू, त्यांची भांडणं मिटवणं चालू. मधेच उठून सॅलड कापायचं. पाहुणे आले तर त्यांची खातिरदारी. आणि या सगळ्यात कथा पुढे सरकत राहायची.

कधी कधी काहीच सुचायचं नाही. मग विडी-सिगारेट, पान, येरझाऱ्या. डोक्यात कथा आहे की नाही याचाच पत्ता नाही. बायको म्हणायची की विचार कसला करताय, बसा आणि लिहा. मग ते बसायचे आणि पहिलं वाक्य लिहून मोकळे व्हायचे. पुढची कथा त्या वाक्यामागून यायची. कथा आपल्या डोक्यात नसते, ती खिशात असते आणि आपल्याला त्याची खबर नसते, अशा अर्थाचं काहीतरी ते सांगायचे. लिहिलेलं फारसं खोडायचे नाहीत, हेही त्यांच्या जवळच्यांनी नोंदवून ठेवलंय.

हे वाचून कुणी म्हणेल की हा तर चमत्कार झाला. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षं तर्जुमे केले, साप्ताहिकाचे रकाने दर आठवड्याला भरले, त्याच्या हाताला वाक्य कसं टाकायचं ते माहीत झालेलं असतं. आपली अम्मी मीठ मोजत नाही, तरी सालन बरोबर जमतं. तो हात एका दिवसात बनलेला नसतो.

रेडिओवरचे दिवस

१९४१ च्या सुरुवातीला मंटो दिल्लीला ऑल इंडिया रेडिओत गेले. तिथे कृष्णचंदर, उपेंद्रनाथ अश्क, नून मीम राशिद असे एकाहून एक लिहिणारे एकाच छताखाली. मंटोंकडे उर्दूचा टाइपरायटर होता. विषय मिळाला की ते सरळ त्यावर नाटक टाइप करायला बसायचे. दीड-पावणेदोन वर्षांच्या नोकरीत त्यांनी शंभराच्या वर नाटकं आणि रूपकं लिहिली. नाटकात वर्णनाला जागा नसते, सगळं बोलण्यातून कळवावं लागतं. मंटोंच्या नंतरच्या कथांमध्ये माणसं इतकी खरी बोलतात, त्यामागे हा सराव आहे.

त्याच दिल्लीत त्यांचा एकुलता एक मुलगा आरिफ वारला. जेमतेम वर्षाचा होता. वरवर हसऱ्या आणि भांडखोर दिसणाऱ्या या माणसाच्या काळजात ही जखम कायम राहिली. पुढे एका नाटकात केलेल्या फेरफारांवरून ऑफिसात बिनसलं आणि १९४२ मध्ये ते नोकरी सोडून पुन्हा मुंबईला आले.

कान उघडा, निवाडा बंद

मंटोंच्या कारागिरीत मला दोन गोष्टी मोठ्या वाटतात. पहिली म्हणजे ऐकणं. ‘नया कानून’ या कथेतला मंगू टांगेवाला शिकलेला नाही. टांग्यात बसणारी माणसं जे बोलतात तेच त्याचं वर्तमानपत्र. नवा कायदा येणार, १ एप्रिलपासून सगळं बदलणार, असं त्याच्या कानावर पडतं आणि तो तो दिवस ईदसारखा मोजत बसतो. त्या दिवशी एका गोऱ्याशी त्याची जुंपते आणि तो कोठडीत जातो. कायदा जुनाच आहे हे त्याला तिथे कळतं. १९३५ च्या कायद्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत, पण साध्या माणसाला त्यातून काय वाटलं होतं आणि काय मिळालं, हे या दहा-बारा पानांत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे निवाडा न करणं. हा चांगला, ही वाईट, असा शिक्का मंटो मारत नाहीत. गुंड म्हणून बदनाम असलेला मम्मद भाई त्यांच्या कथेत खोलीवर आजारी पडलेल्या माणसाची काळजी घेतो. समाजाने टाकलेल्या बाईच्या मनात इज्जतीची किती भूक असते, ते ‘हतक’ दाखवते. लेखक मध्ये येऊन तकरीर करत नाही. तो समोर माणूस ठेवतो आणि बाजूला होतो.

याच काळात ‘काली शलवार’, ‘धुआँ’ आणि ‘बू’ या कथांवर अश्लीलतेचे खटले झाले. तिन्हींतून ते सुटले. आपल्या काही घरांत आजही मंटोंचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात. त्यांच्या सगळ्याच कथा लहान मुलांच्या हाती देण्यासारख्या नाहीत, हे मलाही मान्य आहे. मोठ्यांसाठीच्या कथा मोठ्यांनी वाचाव्यात. पण ‘नया कानून’ आणि ‘टोबा टेक सिंह’ नववी-दहावीच्या मुलांना बिनधास्त द्यावात.

शहर सुटलं

मुंबईत मंटो फिल्मिस्तान आणि नंतर बॉम्बे टॉकीजमध्ये लिहीत होते. अशोक कुमार त्यांचे जिगरी दोस्त. १९४७ च्या दंगलीत एका रात्री दोघं मोटारीतून मुस्लिम मोहल्ल्यातून निघाले होते. समोरून बारात येताना दिसली आणि आपल्या हिंदू दोस्ताचं काय होईल या धास्तीने मंटोंचा जीव गोळा झाला. लोकांनी अशोक कुमारना ओळखलं, प्रेमाने थांबवलं आणि कोणत्या गल्लीतून सुखरूप जाता येईल तो रस्ता दाखवला. हा किस्सा मंटोंनी स्वतः लिहून ठेवला.

पण हवा बिघडत गेली. बॉम्बे टॉकीजमध्ये मुसलमानांना कामावर ठेवता म्हणून धमकीची पत्रं येऊ लागली. सफिया आपा आणि मुलगी आधीच लाहोरला गेल्या होत्या. जानेवारी १९४८ मध्ये मंटो बोटीने कराचीला आणि तिथून लाहोरला गेले. ज्या शहराने त्यांना बनवलं ते कायमचं सुटलं. मुंबईची आठवण त्यांच्या नंतरच्या लिखाणात पानोपानी येते.

रोज एक कथा

लाहोरला सिनेमाचा धंदा बसलेला. नोकरी नाही. घरात बायको आणि निगहत, नुजहत, नुसरत या तीन मुली. कमाईचं साधन एकच, पेन. मग असे दिवस आले की मंटो रोज एक कथा लिहू लागले. वर्तमानपत्राच्या किंवा प्रकाशकाच्या ऑफिसात जायचं, तिथेच बसून कथा लिहायची, हातावर वीस-पंचवीस रुपये घ्यायचे आणि निघायचं. त्या काळातल्या कितीतरी कथांखाली तारखा आहेत. आज एक, उद्या दुसरी, परवा तिसरी.

त्यातल्या काही घाईच्या आहेत, हे खरं. पण फाळणीवरच्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या कथा याच वर्षांतल्या. दारूसाठी इलाज म्हणून त्यांना लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं होतं. त्यानंतर ‘टोबा टेक सिंह’ ही कथा आली. दोन देश जसे कैदी वाटून घेतात तसे वेडेही वाटून घ्यायचं ठरवतात. बिशन सिंह नावाच्या म्हाताऱ्या वेड्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं की त्याचं गाव कुठल्या देशात गेलं. शेवटी तो सरहद्दीवर, कुणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. एकाही बाजूला दोष न देता फाळणीचं सगळं वेडेपण या कथेत उतरलंय.

पाकिस्तानातही खटले सुटले नाहीत. ‘ठंडा गोश्त’वर खालच्या कोर्टाने तीन महिने सक्तमजुरी आणि ३०० रुपये दंड सुनावला. अपिलात ते सुटले, पण पुढे हायकोर्टाने दंड कायम केला. दोन्ही देशांत मिळून सहा वेळा कोर्टाची पायरी चढले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कागदावर ७८६ लिहून बसले.

जे शिकू नये तेही

मंटोंची हयात सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. त्यांना दारूने मारलं. कथेचे पैसे हातात आले की घरी पोचण्याआधी बाटलीत जायचे. आपल्या दीनमध्ये ही चीज हराम का आहे, ते ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने मंटोंची शेवटची पाच वर्षं वाचावीत. यकृत गेलं, दोस्त टाळू लागले, तीन मुली लहानपणीच यतीम झाल्या. दारूमुळे ते मोठे लेखक झाले असं समजणारे काही तरुण भेटतात. ही फार मोठी गलतफहमी आहे. लिहिण्याची सवय त्यांना बारी साहेबांनी दिलेल्या पुस्तकांतून लागली होती. दारूने फक्त त्यांची पुढची वीस-तीस वर्षं आणि त्या वर्षांतल्या कथा आपल्याकडून हिरावून नेल्या.

मुंबईत असताना मिर्झा गालिब यांच्या जिंदगीवर त्यांनी एक सिनेकथा लिहिली होती. तो सिनेमा सोहराब मोदींनी १९५४ मध्ये काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्याच्या आदल्या वर्षीचा तो मान आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाला होता. मराठीतली एक आई आणि मंटोंचा गालिब असे एकामागून एक. मुंबईत या सिनेमाचं कौतुक होत असताना मंटो सरहद्दीपलीकडे आपले शेवटचे महिने मोजत होते.

आपल्या घरासाठी

रस्त्यात थांबवणाऱ्या त्या वालिदांना मी आता एवढंच सांगतो. मुलाला एक वही आणून द्या. दोनशे पानांची साधी वही. रोज एक पान लिहायचं, उर्दूत किंवा मराठीत, त्याला हवं त्या भाषेत. माथ्यावर ७८६ लिहायचं असेल तर लिहू द्या. बस स्टॅंडवर कोण काय बोललं, दादी-अम्मी कापूस वेचायला जायच्या तेव्हाच्या कोणत्या गोष्टी सांगतात, शेजारच्या चाचांचं बैल विकताना काय झालं, काहीही. शुद्धलेखन मी बघून घेईन, ते माझं काम आहे. तुम्ही फक्त एक करा. तो लिहीत असताना टीव्हीचा आवाज कमी नाही केलात तरी चालेल, पण हे लिहून काय मिळणार, असं त्याला विचारू नका.

आमच्या गावातून मंटो निघेल की नाही ते अल्लाहलाच ठाऊक. पण वही भरली की मुलगा ऐकायला शिकतो, दुसऱ्याच्या जागी उभं राहायला शिकतो आणि मान वर करून बोलायला लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अल्लाह सआदत हसन मंटो यांची मगफिरत करो आणि आपल्या लेकरांच्या कलमला बरकत देवो. आमीन.